पोटाचं चित्र आणि आतड्याची हालचाल

(अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्मरणार्थ दिलेलं व्याख्यान)



स्वामीजींच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाला क्ष-किरण विभागातला माणूस बोलावला जाईल, असं मला वाटलं नव्हतं. अशा व्यासपीठावरून हैदराबाद मुक्तिसंग्रामावर बोललं जातं, शिक्षणावर, पाण्यावर बोललं जातं. माझा विषय एक मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत मावतो. पोटाचा एमआरआय किंवा बेरियमची तपासणी करताना आतड्यांची हालचाल काही मिनिटं थोपवायला आम्ही एक इंजेक्शन देतो. ते कधी द्यावं, कधी देऊ नये, आणि देण्याआधी समोरच्या माणसाला काय विचारावं, एवढंच मला आज बोलायचं आहे.

विषय छोटा वाटेल, पण तो याच गावात बोलायला हवा असं मला मनापासून वाटतं. स्वामीजी इथल्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. ते गेले १९७२ साली. १९७४ साली त्यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथे सुरू झालं. शहरापासून इतक्या लांब, तालुक्याच्या गावी वैद्यकीय महाविद्यालय काढण्यामागे माझ्या मते एकच विचार होता: खेड्यातल्या माणसाला मिळणारी वैद्यकी शहरातल्यापेक्षा उणी असता कामा नये. हा उणेपणा बहुतेक वेळा मोठ्या यंत्रांच्या अभावाने येत नाही. यंत्र असतं, आणि त्याआधीची दोन मिनिटांची तयारी नसते.

या जिल्ह्यात पोटाच्या चित्राला एक इतिहास आहे आणि तो दुखरा आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे फक्त ८०७ मुली होत्या. राज्यातला तो सर्वांत कमी आकडा. दहा वर्षांपूर्वी तोच आकडा ८९४ होता. मधल्या काळात काय घडलं, हे या सभागृहातल्या कुणाला सांगायला नको. सोनोग्राफीचं यंत्र निर्दोष होतं; त्याच्यासमोर बसलेल्यांनी पोटातली मुलगी पाहिली आणि तिचा सौदा केला.

दुसरी गोष्ट २०१९ ची. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्या जातात, अशा बातम्या आल्या, आरडाओरड झाली आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. शंभरातल्या जवळपास सतरा जणी. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, पाळी बेजार करतेय, एवढ्यावरून एक सोनोग्राफी व्हायची, ‘पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल’ असं सांगितलं जायचं, आणि पस्तिशीही न गाठलेली बाई मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन शस्त्रक्रियेला तयार व्हायची. खाडा पडला की मजुरी कापली जाते, वर दंड लागतो. दर महिन्याच्या दुखण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे, असा तिचा हिशोब असायचा. त्या हिशोबाला वैद्यकीय आधार म्हणून तिच्या हातात काय होतं? एक धुरकट फोटो आणि एका ओळीचा रिपोर्ट.

आणि हे कुठे घडत होतं? बार्शीच्या कर्करोग रुग्णालयातल्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या लोकांनी ज्या भागात जगाला उपयोगी पडलेलं काम उभं केलं, त्याच्या शेजारी. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावगटांतल्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. कॅन्सरच्या भीतीवर उत्तर शेजारच्या जिल्ह्यात सापडलं होतं. त्यानंतर दहा वर्षांनी आपल्या बायका त्याच भीतीपोटी पिशवी काढून बसल्या होत्या, याची मला आजही चीड येते.

म्हणून मी म्हणतो, आपल्या जिल्ह्यात पोटाचं चित्र नीट काढणं हा नुसता तांत्रिक प्रश्न नाही. चित्रावर चाकू चालतो. चित्र पुसट असेल तर त्यात ज्याला जे हवं ते दिसतं.

आता ते पुसट का होतं, ते बघू.

सीटी स्कॅनला पोटाचं चित्र घ्यायला काही सेकंद लागतात. एका श्वासाच्या आत काम होतं. आतडं हललं तरी फारसं बिघडत नाही. एमआरआयचं तसं नाही. तिथे चित्राची एकेक मालिका कित्येकदा तीन-चार मिनिटं चालते आणि त्या सगळ्या वेळातली माहिती एकत्र करून यंत्र शेवटी एक चित्र बांधतं. जुन्या काळी शाळेचा ग्रुप फोटो काढताना एखाद्या मुलाने मान हलवली की त्याचा चेहरा फराटा होऊन उमटायचा, तसंच हे. फरक एवढा की एमआरआयमध्ये हललेल्या भागाचा फराटा तिथल्या तिथे राहत नाही. त्याच्या पुसट सावल्या चित्रभर एका रांगेत उमटतात आणि शेजारच्या अवयवावर जाऊन बसतात. हललेलं असतं आतडं, डाग दिसतो गर्भाशयावर.

आणि आतडं कधी स्वस्थ नसतं. जठरात मिनिटाला तीन लाटा येतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला मिनिटाला बारापर्यंत, पुढे शेवटाकडे आठ-नऊ. तुम्ही जेवलेले असा, झोपलेले असा, भाषण ऐकत असा, हे चालूच असतं. श्वास रोखायला सांगता येतं, हात-पाय हलवू नका सांगता येतं. आतड्याला सांगून उपयोग नाही.

शिवाय गर्भाशयही स्नायूचीच पिशवी आहे आणि तीही हलते. हे सर्वसाधारण लोकांना माहीत नसतं; खरं सांगायचं तर पुष्कळ डॉक्टरांच्याही ध्यानात नसतं. कधी तिच्या भिंतीचा एखादा भाग काही मिनिटं आवळून राहतो. त्या वेळी घेतलेल्या एमआरआयमध्ये तिथे काळपट, जाडसर पट्टा दिसतो. तो हुबेहूब फायब्रॉइडच्या गाठीसारखा किंवा अॅडिनोमायोसिससारखा, म्हणजे भिंतीत अस्तर शिरून ती जाड होण्याच्या आजारासारखा दिसू शकतो. जपानमधल्या काओरी तोगाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालीच हे दाखवून दिलं आहे. पुन्हा थोड्या वेळाने बघितलं की पट्टा नाहीसा झालेला असतो.

ओटीपोटाच्या एमआरआयच्या टेबलावर नेमकं काय चालतं, हे डोळ्यांसमोर यावं म्हणून एक प्रसंग सांगतो. धारूरकडची तिशीतली एक बाई. हंगाम संपवून नुकतीच परतलेली, हाताला कोयत्याचे घट्टे. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झालेली, ‘पिशवीची भिंत जाड, काढावी लागेल’ असं सांगितलेलं. आमच्या स्त्रीरोग विभागातल्या मॅडमनी घाई न करता एमआरआयला पाठवलं. पहिल्या मालिकेत गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत एक काळा जाड पट्टा होता, आणि वरच्या आतड्याच्या वळ्यांच्या सावल्या त्या पट्ट्यावरून रेघा मारल्यासारख्या गेल्या होत्या. पट्टा खरा की खोटा, सांगणं कठीण.

टेक्निशियन आणि मी आत गेलो. मी विचारलं, ‘ताई, डोळ्याचा काही त्रास? काचबिंदू? हृदयाच्या गोळ्या चालू आहेत? छातीत धडधडतं का कधी?’ ती म्हणाली, ‘तसलं काई नाई. पर भुलीची सुई हाय का ही? मला घरी जायचंय, लेकरं हायती.’ भूल नाही, आतडं थोडा वेळ शांत राहावं म्हणून आहे. तोंड कोरडं पडेल, काळीज जरा जोरात धडधडेल, नजर थोडी अंधुक होईल, तासाभरात सगळं जाग्यावर येईल, असं सांगितलं. सिस्टरनी आधीच लावलेल्या सलाइनच्या सुईतून हायोसीन ब्युटिलब्रोमाइडची २० मिलिग्रॅमची कुपी सावकाश, मिनिटभर वेळ घेऊन सोडली. पुन्हा तीच मालिका लावली. आतड्यांच्या रेघा गेल्या होत्या आणि त्यांच्यासोबत तो काळा पट्टाही गेला होता. भिंत सरळ, एकसारखी. एका कडेला लहानशी गाठ होती, तिचा या दुखण्याशी संबंध नव्हता. दुखण्याचं कारण औषधाने बरा होणारा संसर्ग निघाला. बाईची पिशवी आजही तिच्या जागी आहे.

हे सगळं त्या कुपीमुळे झालं असा दावा मी करत नाही. कदाचित दहा मिनिटं थांबून पुन्हा चित्र घेतलं असतं तरी पट्टा गेला असता. पण आपल्याकडे रांग लागलेली असते. दहा मिनिटं थांबायला यंत्राला सवड नसते आणि बाईला तर त्याहून नसते.

हे औषध आलं कुठून? इथल्या लोकांना ते परकं वाटू नये, असं मला वाटतं. इथून जवळच परळीला वैजनाथ आहेत. महाशिवरात्रीला महादेवाला धोत्र्याचं फूल आणि काटेरी फळ वाहतात, आणि धोत्र्याचं बी पोटात गेलं तर काय होतं हे गावाकडच्या प्रत्येक आजीला ठाऊक असतं. तोंडाला कोरड, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या, काळीज धडधडतं, लघवी तुंबते, माणूस बरळायला लागतो. त्यातल्या दोन मुख्य द्रव्यांपैकी एक हायोसीन. ते शुद्ध रूपात वेगळं केलं लाडेनबुर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास. हेच हायोसीन ऑस्ट्रेलियातल्या ड्युबॉइसिया या झाडाच्या पानांतही मिळतं. औषधासाठी ते तिथूनच येतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या बोहरिंगर इंगेलहाइम कंपनीने त्याच्या रेणूला एक जोड दिली आणि ब्युटिलब्रोमाइड हे रूप बाजारात आणलं. त्या जोडीमुळे औषध मेंदूत सहज शिरत नाही. म्हणून धोत्र्याची बडबड आणि भ्रम नाही. आतडं मात्र थांबतं. बाकीची लक्षणं, कोरड, धडधड, अंधुक नजर, मूळ झाडाचीच, सौम्य झालेली.

ते काम कसं करतं? आतड्याच्या स्नायूला ‘आवळ’ असा निरोप मज्जातंतूच्या टोकाकडून अॅसिटिलकोलीन या रसायनाच्या रूपाने जातो. असे निरोप रसायनातून जातात, हे ओटो लोवी यांनी १९२१ साली बेडकांच्या हृदयांवर दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना हेन्री डेल यांच्यासह १९३६ चं नोबेल मिळालं. हायोसीन स्नायूवरची ती निरोप घेण्याची जागा अडवतं. नसेतून दिलं की मिनिट-दोन मिनिटांत आतडं मंदावतं आणि थोड्याच वेळात पुन्हा चालायला लागतं. म्हणून ज्या मालिकेत स्थिरता सर्वांत महत्त्वाची, तिच्या तोंडावर ते द्यायचं. बाहेर व्हरांड्यात बसलेल्या माणसाला अर्धा तास आधी सुई टोचून पाठवायचं आणि आत येईपर्यंत असर ओसरलेला, हा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. तो निव्वळ वाया. चिठ्ठीवर गोळी लिहून पाठवणारेही आहेत. तोंडाने घेतलेल्या गोळीतला शंभरातला एक भागही रक्तात पोहोचत नाही. पोटाच्या कळीवर ती थोडीफार उपयोगी पडेल, एमआरआयसाठी तिचा भरवसा नाही.

थोडं मागे जाऊन एक गोष्ट सांगावीशी वाटते. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा, १८९६ च्या अखेरीस, हार्वर्डचा पहिल्या वर्षाचा वैद्यकीय विद्यार्थी वॉल्टर कॅनन बिस्मथ मिसळलेलं अन्न प्राण्यांना भरवून त्याचा प्रवास पडद्यावर बघत होता. मांजर शांत बसलेलं असलं की जठराच्या लाटा व्यवस्थित दिसायच्या. ते चिडलं, घाबरलं की लाटा एकदम थांबायच्या. त्याला कुरवाळून शांत केलं की पुन्हा सुरू. १८९८ च्या निबंधात त्याने हे लिहिलं आणि पुढे भीती-संतापाचा शरीरावर काय परिणाम होतो याचं अख्खं शास्त्र त्यातून उभं राहिलं. माझे विद्यार्थी कधी विचारतात, मग घाबरलेल्या पेशंटचं आतडं आपोआप थांबत असेल की! थांबत असेलही. पण घाबरलेला माणूस धापा टाकतो, हात-पाय कसतो, त्या बंद नळीत मधेच उठून बसतो. औषधाची पहिली मात्रा म्हणजे माणसाला काय होणार आहे ते त्याच्या भाषेत सांगणं. ती टळली तर कुपी वाया गेली म्हणून समजा.

आता धोक्यांकडे येतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

हृदय. हे औषध नाडी वाढवतं. निरोगी माणसाला त्याचं काही नाही. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत, ज्याचं हृदय आधीच दमलेलं आहे, ज्याची लय बिघडलेली आहे, त्याला ते झेपेलच असं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या औषध-नियंत्रण संस्थेने इंजेक्शनबाबत वेगळी सूचना काढली, कारण हृदयविकार असलेल्या काही रुग्णांचे मृत्यू त्यांच्याकडे नोंदले गेले होते. अशा माणसाला द्यायचंच असेल तर नाडी-रक्तदाबावर लक्ष हवं आणि जीव वाचवण्याचं साहित्य हाताशी हवं. साहित्य दुसऱ्या मजल्यावर कुलपात असेल तर औषध देऊ नये. माझं मत इतकं स्पष्ट आहे.

लघवी. प्रोस्टेट वाढलेल्या वयस्क पुरुषाची लघवी या औषधाने तुंबू शकते. अडचण अशी की प्रोस्टेटचा एमआरआय करायला येतात तेही असेच पुरुष. तिथे औषधाचा फायदा किती, यावर अभ्यासांचं एकमत नाही. प्रोस्टेटच्या एमआरआयसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या पाय-रॅड्स पद्धतीची २०१९ ची आवृत्तीही सांगते की काहींना फायदा होतो, बऱ्याच जणांना गरज नसते, खर्च आणि त्रास विचारात घ्या. म्हणून मी प्रोस्टेटच्या प्रत्येकाला देत नाही. आधी चित्र बघतो.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्नायूंच्या अशक्तपणाचा आजार, आतडं पूर्ण अडकलेलं असणं किंवा लकवा पडल्यासारखं निपचित फुगलेलं असणं, नाडी आधीच फार जलद असणं, ही आणखी कारणं. तिथे ते द्यायचंच नाही.

काचबिंदूबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण इथे आपण प्रश्न विचारून मोकळे होतो आणि समजतो की काम झालं. डोळ्यातला द्रव बाहेर जाण्याची वाट ज्यांची जन्मतः अरुंद असते, त्यांची बाहुली मोठी झाली की ती वाट बंद पडू शकते. डोळ्यातला दाब अचानक चढतो आणि वेळेत उपचार झाला नाही तर नजर जाते. आता विचार करा: ‘तुम्हाला काचबिंदू आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ कोण म्हणणार? ज्याचा आजार डॉक्टरांनी आधीच ओळखला आहे, ज्याच्यावर उपचार चालू आहेत. त्याला त्या मानाने धोका कमी. खरा धोका ज्याला माहीतच नाही त्याला, आणि तो निर्धास्तपणे ‘नाही’ म्हणणार. आपल्या भागात चष्म्याच्या नंबरापलीकडे डोळ्याची तपासणी न झालेली किती माणसं आहेत, तुम्हीच बघा. म्हणून प्रश्न विचारायचाच, पण निघताना सांगायचं ते जास्त महत्त्वाचं: आज संध्याकाळपर्यंत किंवा रात्री एखादा डोळा दुखायला लागला, लाल झाला, नजर धूसर झाली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर सकाळची वाट बघू नका, लगेच डोळ्याच्या डॉक्टरकडे जा आणि पोटाच्या तपासणीत सुई दिली होती हे सांगा. हे वाक्य कागदावर मराठीत छापून हातात द्यायला काहीच खर्च येत नाही. माझ्या विभागात आम्ही ते देतो. इथे बसलेल्या प्रत्येक स्कॅन सेंटरच्या चालकाला विनंती आहे, तुम्हीही द्या.

दुसरं एक औषध आहे, ग्लुकागॉन. अमेरिकेत हायोसीन ब्युटिलब्रोमाइडच्या इंजेक्शनला मान्यताच नाही, त्यामुळे तिकडे तेच वापरतात. आतडं थांबवण्यात ते चांगलं आहे, पण महाग आहे, पावडर विरघळवून तयार करावं लागतं आणि अॅड्रिनल ग्रंथीच्या एका विशिष्ट गाठीत धोकादायक आहे. आपल्या जिल्ह्यासाठी ते पहिलं औषध होऊ शकत नाही. हृदयामुळे हायोसीन देता येत नाही अशा मोजक्या रुग्णांसाठी ते ठेवावं, इतकंच.

कुपी कुठे वापरावी, कुठे वापरू नये, याचा विवेक सुटता कामा नये. सोनोग्राफीत तर आतडं हलताना दिसणं हेच ज्ञान आहे. लहान मुलाचं आतडं आतड्यात शिरलेलं असतं, अडकलेल्या आतड्यातला मजकूर पुढे-मागे हेलकावे खात असतो, ते बघायचं असतं. तिथे हालचाल थांबवण्याचा प्रश्नच नाही. आतड्याच्या एमआरआयमध्येही आधी हालचालीची छोटी मालिका घ्यावी. पेशंटला पाऊण-एक तासात लिटर-दीड लिटर मॅनिटॉलचं पाणी पाजलेलं असतं, आतडं फुगलेलं असतं. कुठला भाग लाट आली तरी ताठ राहतो, ते आधी पाहून घ्यावं. मग सुई द्यावी आणि बारीक चित्रं घ्यावीत. गर्भाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग किती पसरलाय, एंडोमेट्रिओसिस आतड्याला चिकटलाय का, हे पाहताना मात्र औषध मोलाचं ठरतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा टप्पा ठरवताना चित्र धरायला २०१८ पासून आंतरराष्ट्रीय पद्धतीतही परवानगी मिळाली आहे. शस्त्रक्रिया की किरणोपचार, हा निर्णय काही मिलिमीटरवर अवलंबून असतो, आणि त्या मिलिमीटरवर आतड्याची सावली पडलेली चालत नाही.

बेरियमच्या तपासणीबद्दलही एक शब्द. पुण्या-मुंबईत ती मागे पडली असेल. आपल्याकडे पोटाच्या क्षयाच्या संशयात ती अजून उपयोगाची आहे. लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळचा भाग क्षयाची आवडती जागा. तिथे एखादी अरुंद जागा दिसली की प्रश्न पडतो, आतडं कायमचं आखडलंय की आत्ता नुसतं आवळलंय? सुई दिल्यावर ती जागा उघडली तर ती आवळण होती. नाही उघडली तर खरी अडचण. एवढ्या एका उत्तरावर पोट उघडायचं की नाही ठरू शकतं.

आता आपल्या जिल्ह्याची अडचण सांगतो. दसरा झाला की कोयते निघतात. माणसं कारखान्याच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्यातच परत येतात. बायकांना दुखणं बघायला मिळतो तो मधला काळ. तेव्हा रांग लागते, टेक्निशियनवर दडपण येतं आणि दोन मिनिटांची विचारपूस आधी गळून पडते. मुकादमाची उचल फेडायची असते, म्हणून बाईही म्हणते, ‘काय करायचं ते लवकर करा.’ अशा वेळी औषधाशिवायही पुष्कळ करता येतं, आणि ते केलंच पाहिजे. चार-सहा तास उपाशीपोटी बोलवावं. लघवीची पिशवी अर्धवट भरलेली असू द्यावी. पोटावर पट्टा बांधावा. हालचालीची सावली गर्भाशयाऐवजी दुसऱ्या दिशेला जाईल अशी मांडणी करावी. एका दमात चित्र घेणाऱ्या जलद मालिका वापराव्यात. यातलं काही करायला कुपी लागत नाही, लक्ष लागतं.

आणि रिपोर्टात लिहावं. ‘आतड्यांच्या हालचालीमुळे मागच्या भिंतीबद्दल निश्चित सांगता येत नाही, गरज वाटल्यास औषध देऊन पुन्हा तपासणी करावी’, हे वाक्य लिहायला आमच्या व्यवसायात माणसं कचरतात. पाठवणारा डॉक्टर नाराज होईल, पेशंट दुसऱ्या सेंटरला जाईल, अशी भीती असते. पण निश्चित नसताना ‘भिंत जाड’ असं ठोकून दिलं तर त्याच कागदावर शस्त्रक्रिया ठरते. २०१९ नंतर जिल्ह्यात गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. ती परवानगी देणाऱ्यांच्या समोर आमचाच कागद जातो. कागद खरा असेल तरच परवानगीला अर्थ आहे.

समोर बसलेल्या आयाबहिणींना आणि त्यांच्या घरच्या मंडळींना माझी विनंती आहे. पोटाच्या एमआरआयला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि डोळ्यांचे थेंब पिशवीत घालून न्या आणि न विचारता दाखवा. हृदयाचा, काचबिंदूचा, लघवी तुंबण्याचा त्रास असेल तर लपवू नका. सुई दिली तर कशाची दिली ते विचारा. पिशवी काढायला सांगितलं असेल तर चित्र घेतानाची हालचाल थांबवली होती का, हेही विचारा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. सुई घेतल्यावर नजर साफ होईपर्यंत मोटरसायकल दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.